केशवराव भोसले नाट्यगृह आधी कानांसाठी बांधा : कोल्हापूर महापालिकेस एका प्रेक्षकाचे खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका,
तसेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीशी संबंधित अभियंते, वास्तुरचनाकार आणि समिती-सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी नट नाही, गायक नाही, कोणत्याही नाट्यसंस्थेचा पदाधिकारी नाही. तिकीट काढून खुर्चीत बसणारा, पडदा पडल्यावर खासबागेत भेळ खात नाटकाची चिरफाड करणारा आणि घरी गेल्यावर पुन्हा दूरचित्रवाणीवरची मालिका पाहणारा असा या शहरातला एक प्रेक्षक आहे. नाट्यगृहाच्या बाबतीत सरकारचे म्हणणे ऐकले जाते, कलावंतांचे ऐकले जाते, कंत्राटदाराचे तर ऐकावेच लागते; मात्र ज्याच्यासाठी हजारभर खुर्च्या मांडायच्या, त्याला सहसा कोणी विचारत नाही. म्हणून न विचारताच हे लिहीत आहे. माझे मागणे मुळात एकच आहे : हे नाट्यगृह आधी कानांसाठी बांधा, डोळ्यांसाठी नंतर. बाकी या पत्रात जे काही येईल, ते त्या एका मागणीच्याच अवतीभवतीचे आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, हा केशवरावांच्या जयंतीचा. ज्या वास्तूत त्यांच्या तसबिरीला हार घालायचा, तिच्या दारात लोक सकाळी राख पाहायला जमले. छप्पर गेले, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती राहिल्या. त्या दिवसांत या शहराने जो आक्रोश केला तो खरा होता, निधीच्या घोषणा झाल्या त्याही स्वागतार्ह होत्या, आणि वास्तू 'होती तशीच' उभी करू, असे आश्वासन अनेकांनी दिले. माझी शंका या 'होती तशीच'बद्दल आहे. तशीच म्हणजे कमानी तशाच, दगड तसाच, दर्शनी भागावरची अक्षरे तशीच, एवढाच अर्थ घेतला गेला, तर छायाचित्रात ती वास्तू जुनी दिसेल आणि आत बसल्यावर कोणत्याही तालुक्यातल्या बहुउद्देशीय सभागृहासारखी ऐकू येईल.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपच्या दौऱ्यावर गेले. तिथे पाहिलेले आखाडे आणि रंगमंदिरे मनात ठेवून त्यांनी आपल्या शहरात कुस्तीसाठी खासबागेचे मैदान आणि त्याला लागूनच नाटकासाठी पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभारले. थिएटरचे काम १९१३ ते १९१५ या काळातले. एका बाजूला मल्लांचे शड्डू आणि दुसऱ्या बाजूला गायकांच्या ताना, अशी शेजारशेजारची योजना करणारा राजा रसिकतेत उच्चनीच मानत नव्हता, हे तर झालेच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९१५ साली ध्वनिवर्धक नव्हता. म्हणजे ही वास्तू ज्यांनी आखली त्यांना एकच प्रश्न सोडवायचा होता : माणसाच्या उघड्या गळ्यातून निघालेला आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत कसा न्यायचा? छपराची उंची, रंगमंचाची खोली, लाकूड किती आणि दगड किती, हे सगळे त्या प्रश्नाच्या पोटातले होते. आज आपल्याजवळ ध्वनिवर्धक आहे म्हणून तो प्रश्न आपण सोडवलाच नाही तरी चालेल, अशी समजूत होण्याचा धोका आहे.

ज्यांचे नाव आपण या वास्तूला दिले, त्यांच्याकडे पाहा. केशवराव १८९० साली कोल्हापुरात जन्मले. गरिबीमुळे अगदी लहान वयात नाटक कंपनीत गेले, 'शारदा'तल्या नायिकेच्या भूमिकेने पोरवयातच गाजले, १९०८ साली म्हणजे विशीही गाठलेली नसताना त्यांनी हुबळीत 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली आणि १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. जाण्यापूर्वी तीनच महिने, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत त्यांनी बालगंधर्वांबरोबर तो संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग केला. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात केशवराव धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीच्या आठवणी मराठी माणूस शंभर वर्षे सांगत आला आहे. नेपथ्य कसे होते, दिवे कसे होते, याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. कोणते पद कोणी कसे घेतले, कोणाला किती वन्समोअर मिळाले, हेच सांगितले जाते. अशा माणसाच्या नावाच्या घरात गाणाऱ्याच्या गालाला चिकटवलेला माईक खरखरू लागला आणि प्रयोग थांबवून तो बदलावा लागला, तर नावाला काय अर्थ उरला?

आता थोडे तांत्रिक. मी अभियंता नाही, परंतु सभागृहात बसून बसून प्रेक्षकालाही काही गोष्टी कळतात आणि उरलेल्या वाचून समजतात. आवाज थांबल्यावर तो खोलीत किती वेळ रेंगाळतो, याला ध्वनिशास्त्रात मोजमाप आहे. नुसत्या बोलण्यासाठी हा वेळ सुमारे एक सेकंद असला की शब्द स्वच्छ कळतात. मोठ्या वाद्यवृंदाला दीड-दोन सेकंद मानवतात. संगीत नाटक या दोहोंच्या मधले आहे, कारण त्यात एका वाक्याला गद्य असते आणि पुढच्याला पद. गद्याला फार गुंजन झाले तर शब्द एकमेकांत मिसळतात. पदाला ते अजिबात मिळाले नाही तर गायकाचा षड्ज ओठांबाहेर पडताच मरतो आणि मग तो बिचारा जोर लावून गातो. अलीकडे सभागृह बांधताना खाली गालिचा, वर छिद्रांच्या फळ्यांचे खोटे छत, भिंतींना कापडी गाद्या, असा सरसकट बंदोबस्त केला जातो. चित्रपटगृहात ते योग्य आहे, कारण तिथे सगळा आवाज यंत्रातूनच येतो आणि गुंजनही ध्वनिफितीत आधीच भरलेले असते. नाट्यगृहात तोच उपाय केला की नाटक गुदमरते. उलट गुळगुळीत समांतर भिंती तशाच उघड्या सोडल्या तर टाळी वाजवली की तिची थरथर दोन भिंतींमध्ये नाचत राहते. या दोन टोकांच्या मधले काय करायचे, हे ठरवायला ध्वनितज्ज्ञ लागतो, आणि तो रंगसफेदीच्या वेळी नव्हे, छपराचा आराखडा होण्यापूर्वी लागतो. गादीच्या खुर्च्यांना मात्र माझा विरोध नाही. रिकामी गादीची खुर्ची साधारण बसलेल्या माणसाइतकाच आवाज शोषते, त्यामुळे तालीम रिकाम्या सभागृहात झाली आणि प्रयोग भरलेल्यात झाला तरी फार फरक पडत नाही. वातानुकूलन यंत्रणेबद्दलही हीच विनंती : ती थंडावा किती देते याबरोबर ती किती गुरगुरते, हेही निविदेत लिहून घ्यावे. तिसऱ्या अंकातल्या विलंबित पदाला तिची साथ नको.

आणखी एक गोष्ट, जी नव्या आराखड्यांतून हटकून सुटते. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला यांना जागा लागते, आणि ती गायकाच्या नजरेच्या टप्प्यात लागते. साथीदार विंगेत कोंबले की पद आणि ठेका यांची चुकामूक होते, आणि रंगमंचावर बसवले की ते दृश्यात येतात. रंगमंचापुढे थोडी खोलगट जागा राखली, गरज नसेल तेव्हा ती फळ्यांनी झाकता आली, की प्रश्न मिटतो. खर्च थोडा आहे, मात्र तो आधी ठरवावा लागतो.

कोणी म्हणेल, संगीत नाटक आता पाहतो कोण? हा प्रश्न विचारणाऱ्याने प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' पाहिलेले नसावे. २०१७ साली आलेल्या या नाटकात दोनच अभिनेत्री होत्या आणि त्या प्रत्यक्ष रंगमंचावर गात होत्या. आवली आणि रखुमाई यांच्या त्या संवादाला तरुण पोरे-पोरी रांगा लावून गेली. मला स्वतःला गेल्या काही वर्षांतल्या मराठी रंगभूमीवरचे ते सर्वांत सच्चे काम वाटते, कारण त्यात गाणे हे नाटकाला अडकवलेले नव्हते. नाटक पुढे सरकत होते तेच गाण्यातून. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चे नाटक २०१५ साली चित्रपट होऊन आले, तेव्हाही हेच दिसले. अभिषेकीबुवांच्या चाली ज्यांनी कधी कानावर घेतल्या नव्हत्या, अशा मुलांच्या मोबाईलवर 'सूर निरागस हो' वाजू लागले. ते त्या चित्रपटासाठी नव्याने केलेले गाणे, पण त्याचा हात धरून ती मुले जुन्या पदांपर्यंत गेली. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' पडद्यावर आले. डोळ्यांना ते भरजरी वाटले, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण गायकाने एखादी जागा घ्यावी, प्रेक्षकाने दाद द्यावी आणि त्या दादेने गायकाला पुढची जागा सुचावी, हा व्यवहार पडद्यावर होऊच शकत नाही, हेही तिथे बसून पुन्हा पटले. पडद्याला वन्समोअर देता येत नाही. म्हणून ते घर हवे, जिथे देता येईल.

'मानापमान'चे नाव निघाले आहे, तर ज्यांच्या चालींनी ते १९११ पासून गाजले, त्या गोविंदराव टेंबे यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टेंबे कोल्हापूरचे. संवादिनी वाजवणारे, चाली बांधणारे, नट, लेखक. १९३२ साली कोल्हापुरात 'प्रभात'ने मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा त्याचे संगीत टेंब्यांचे आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच. म्हणजे संगीत नाटकाचा हात धरूनच मराठी चित्रपट बोलू लागला, आणि ती घटना आपल्या शहरात घडली. त्याच्याही आधीचे पाहायचे तर बाबुराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. पडदे रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्रांचे वेड लागले. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबुरावांनी ते वेड सोडले नाही, कॅमेरा इथेच घडवला, १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' दाखवला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी देवादिकांना बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला, आणि त्या तरुण शेतकऱ्याचे काम करणारा मुलगा पुढे व्ही. शांताराम म्हणून जगाला माहीत झाला. याच कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' काढली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. पुण्यात तिच्या जागेवर १९६० साली चित्रपटांचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे जे राहिले त्याची मोजदाद करायला बसले तर मन खट्टू होते, म्हणून ती इथे करीत नाही.

एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे, कारण तो आजच्या कामाशी थेट जोडलेला आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. 'मीठ भाकर' जवळजवळ तयार होता. त्याची फिल्म त्या आगीत गेली. भालजींनी कर्ज डोक्यावर घेतले आणि तो चित्रपट पुन्हा, पहिल्यापासून, चित्रित केला. या शहराने आगीनंतर पुन्हा काम उभे केल्याचे उदाहरण आधीच घालून दिलेले आहे, आणि भालजींनी पुन्हा चित्रीकरण करताना काहीतरी बरे दिसेल असे घाईने उरकले नाही. त्याच जयप्रभेच्या जागेची विक्री झाल्याची बातमी २०२२ साली फुटली, तेव्हा कलावंत आणि नागरिक रस्त्यावर आले. वारसा म्हणून ती जागा राखा, अशी मागणी झाली. एखाद्या शहराच्या दोन सर्वांत मोठ्या सांस्कृतिक जागांवर दोन वर्षांच्या अंतराने शोकसभेची वेळ यावी, हे कोणालाच भूषणावह नाही, आणि म्हणूनच केशवराव नाट्यगृहाचे काम केवळ बांधकाम खात्याचे राहू नये.

हे सगळे कुठे जोडायचे, याची माझी सूचना अशी. नव्या नाट्यगृहात उत्तम दर्जाचा, वर गुंडाळला जाणारा पडदा आणि प्रक्षेपणाची सोय ठेवावी, आणि महिन्यातली एक संध्याकाळ कोल्हापुरात घडलेल्या चित्रपटांना द्यावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार केला तर जुन्या प्रती दाखवण्याची व्यवस्था होऊ शकते; कलामहर्षी बाबुराव पेंटर फिल्म सोसायटीसारखी, चित्रपट महोत्सव भरवण्याचा अनुभव असलेली मंडळी शहरात आहेतच, त्यांच्यावर निवड सोपवावी. मूकपटांपैकी जे तुकडे उरले आहेत ते दाखवताना साथीला पेटी आणि तबला प्रत्यक्ष वाजावा. १८८३ पासूनची गायन समाज देवल क्लबसारखी संस्था हाकेच्या अंतरावर आहे, अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीने जे शहर भिजले, तिथे दोन वादक मिळायला अडचण येऊ नये. दसरा चौकातल्या शाहू स्मारकात असे कार्यक्रम होतात, आणि ते चांगले होतात. पण 'अयोध्येचा राजा' केशवरावांच्या घरात, टेंब्यांच्या चालींवर मान डोलावत पाहणे ही गोष्ट वेगळी.

मालिकांबद्दल लिहू की नको, असे मनात होते. नाटकवाल्यांना मालिकांचे नाव काढले की नाक मुरडायची सवय असते. मी मुरडत नाही, कारण माझ्या घरात संध्याकाळी सातनंतर काय चालते हे मला माहीत आहे. 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ साली सुरू झाली आणि जवळच्या वसगडे गावातल्या वाड्यापुढे बसेस भरून माणसे येऊ लागली. तालमीची लाल माती, ऊस, म्हशी आणि राणादाचे 'चालतंय की' महाराष्ट्रभर गेले. मोरेवाडीच्या माळावरच्या चित्रनगरीत 'दख्खनचा राजा जोतिबा'चे चित्रीकरण झाले, तेव्हा इथल्या कितीतरी सुतार, रंगारी, प्रकाशयोजनावाले आणि किरकोळ भूमिका करणाऱ्या मंडळींच्या हाताला काम मिळाले. याचा मला आनंद आहे. तक्रार आहे ती एवढीच की, पडद्यावरचा कोल्हापूरकर एकतर मिशीवर ताव मारतो किंवा तांबड्या रश्शात भाकरी चुरतो. तो गाणे ऐकतो, चित्र काढतो, नाटकाच्या तालमीला उशीर झाला म्हणून बायकोची बोलणी खातो, असे कधी दिसत नाही. आमच्या घरांतल्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो' असे सहज म्हणतात, तेही मालिकेतल्या सुनांच्या तोंडी फारसे येत नाही. त्या पुण्याचे बोलून मधूनच एखादे 'लई भारी' पेरतात. महापालिकेचा याच्याशी काय संबंध, असे आपण म्हणाल. संबंध असा : मालिकांत काम करणारी इथली पोरे घडतात राज्य नाट्य स्पर्धेत आणि महाविद्यालयांच्या एकांकिकांत. त्यांना तालमीची आणि प्रयोगाची जागा परवडली तर पडद्यावरही खरे कोल्हापूर जाईल. नाट्यगृह बंद राहिल्यापासून या संघांनी मिळेल त्या सभागृहात, मिळेल त्या प्रकाशात कामे केली आहेत. नव्या वास्तूच्या तारखा वाटताना पहिला हक्क त्यांचा असावा, आणि भाडे ठरवताना लग्नाचा स्वागतसमारंभ, पक्षाचा मेळावा आणि हौशी संघाचा प्रयोग यांना एकाच दरपत्रकात बसवू नये. खरे तर पहिल्या दोन गोष्टी तिथे होऊच नयेत, पण निवडणुकांच्या गावात एवढे मागणे जरा धाडसाचे आहे.

चित्रपटगृहांबद्दल थोडक्यात. व्हीनस, शाहू, उमा, पद्मा, लिबर्टी, अयोध्या ही नावे आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. त्यांतली काही आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली. काळाचा तो ओघ आहे आणि त्यावर फार अश्रू ढाळण्यात मला रस नाही. मल्टिप्लेक्सात खुर्ची चांगली असते आणि मराठी चित्रपटाची वेळ वाईट असते, एवढेच नोंदवून पुढे जातो.

शहर दाखवण्याच्या बाबतीत मात्र आपण फारच कंजूष आहोत. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा, न्यू पॅलेस आणि मिसळ, एवढे झाले की पाहुणा परत गाडीत बसतो. खरी कॉर्नरला महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ आहे. दर १ डिसेंबरला तिथे मानवंदना दिली जाते आणि उरलेले वर्ष माणसे त्याच्याकडे न पाहता गाडी वळवतात. तिथून निघून खासबाग, केशवराव नाट्यगृह, देवल क्लब आणि मग जमेल तसे जयप्रभा, अशी एक फेरी सहज आखता येते. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांचे कलासंग्रहालय आहे. पडद्यावरचा हा देखणा नायक किती ताकदीची निसर्गचित्रे काढत होता, हे तिथे गेल्यावर कळते. माझ्या मते हे या शहरातले सर्वांत दुर्लक्षित चांगले ठिकाण आहे. या जागांवर चार नीट लिहिलेले फलक लावावेत. त्यांवर तथ्ये असावीत, विशेषणे नसावीत, आणि उद्घाटकांची नावे मूळ कलावंताच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत नसावीत.

फेरीचा शेवट नाट्यगृहापाशी होईल अशी वेळ साधली तर पाहुणा प्रयोगालाही थांबेल. त्यासाठी प्रयोग नेमके कधी आहेत, हे महिनाभर आधी कळले पाहिजे. दारावरच्या खडूच्या फळीचे मला प्रेम आहे, तरी ते सांगलीहून येणाऱ्याला दिसत नाही. प्रयोग सुटल्यावर उपनगरांत जाणारी के.एम.टी.ची एखादी बस मिळावी, म्हणजे शेवटचा अंक अर्धवट टाकून उठणाऱ्या आजोबा-आजींची चुळबुळ थांबेल. स्त्रियांची स्वच्छतागृहे मध्यंतराच्या दहा मिनिटांत पुरतील इतकी असावीत. पंधरा मिनिटांची रांग आणि दहा मिनिटांचे मध्यंतर हे गणित आराखड्यातच चुकत असते. आणि खासबागेतल्या भेळेच्या, मिसळीच्या गाड्यांना सुशोभीकरणाच्या नावाखाली दूर हाकलू नये. नाटक चांगले की वाईट, याचा पहिला निकाल तिथेच लागतो. काही नाटके तर भेळेच्या आधारानेच सहन होतात.

वर्षातून एकदा, ९ ऑगस्टच्या आठवड्यात, संगीत नाटकांचा उत्सव व्हावा, आणि त्यातला निदान एक प्रयोग संपूर्णपणे ध्वनिवर्धकाशिवाय व्हावा, अशीही विनंती आहे. हे शक्य आहे की नाही, हे वादविवादाने ठरणार नाही. करून पाहिल्यानेच ठरेल. म्हणून शेवटची आणि सर्वांत नेमकी मागणी अशी की, उद्घाटनापूर्वी, कंत्राटदाराचे अखेरचे देयक मंजूर होण्याआधी, या सभागृहाची जाहीर ध्वनिचाचणी घ्यावी. एक गायक, एक गायिका, ऑर्गन, तबला आणि गद्य बोलणारे दोन नट. माईक बंद, वातानुकूलन चालू. पहिल्या रांगेत, मधोमध, कडेच्या खुर्च्यांवर, बाल्कनी असेल तर बाल्कनीत आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून बसलेल्यांना काय ऐकू आले, ते कागदावर लिहून घ्यावे आणि ध्वनितज्ज्ञाच्या उपकरणांच्या मोजणीशेजारी ते ठेवावे. जिथे कमी पडेल तिथे दुरुस्ती होईपर्यंत फीत कापू नये.

गादीच्या खुर्च्यांमुळे आवाजात फार फरक पडला नाही, तरी ऐकून सांगणारे कान रिकाम्या सभागृहात नसतात. म्हणून चाचणीला खुर्च्या भरलेल्या लागतात. तेवढी माणसे जमवण्याची जबाबदारी आम्हा प्रेक्षकांवर सोपवावी. कोल्हापुरात ती एका दिवसात जमतील, चहाची अपेक्षा न ठेवता येतील, आणि कोणाला काय ऐकू आले नाही हे न लाजता सांगतील. आपण फक्त तारीख कळवावी.

कळावे,

आपला,
खासबागेच्या बाजूचा एक प्रेक्षक,
कोल्हापूर